जुनी कंबरदुखी आणि कोअरचे व्यायाम : प्लँकच्या आधी काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यात मांडवीजवळ कापडाचे दुकान चालवणारे ४८ वर्षांचे एक गृहस्थ सहा वर्षांपासून कंबरदुखीने त्रस्त आहेत. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी किंचित बाहेर आल्याचे दिसते. शस्त्रक्रियेची गरज नाही, कोअर मजबूत करा, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना सांगितले. त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून सकाळी उठल्याबरोबर सिट-अप (पाठीवर झोपून धड उचलत उठून बसणे) आणि प्लँक (कोपरे व पायांची बोटे टेकून शरीर सरळ धरून ठेवणे) सुरू केले आणि दुखणे वाढले. हे व्यायाम आपल्यासाठी नाहीतच की आपण ते चुकीचे करत आहोत, असे त्यांना विचारायचे आहे. पहिल्या बाळंतपणापासून कंबर दुखणाऱ्या त्यांच्या पत्नीने हेच व्यायाम केले तर चालेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की कंबर स्थिर ठेवणारे व्यायाम आपल्यासाठी योग्यच आहेत, परंतु ज्या दोन व्यायामांपासून आपण सुरुवात केली त्यांपैकी सिट-अपची आपल्याला बहुधा कधीच गरज पडणार नाही, आणि प्लँकची गरज पडली तरी ती काही आठवड्यांनंतर पडेल. मी याच शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. दुकानाच्या बैठकीवर किंवा कारखान्याच्या पाळीत वर्षे काढलेली माणसे माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आपल्यासारखीच सुरुवात केलेली असते. चूक त्यांच्या प्रयत्नात नसते. व्यायामाची निवड, मात्रा आणि वेळ यांविषयी त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

व्यायामाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तेथे प्रश्न मज्जातंतूंवरच्या दाबाचा असतो आणि तासांनाही महत्त्व असते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, कारण नसताना घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे ही लक्षणे आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेण्यास पुरेशी आहेत. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले असणे किंवा उतारवयात पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, याही बाबी डॉक्टरांना आधी सांगाव्यात. आपण लिहिलेल्या माहितीत यांपैकी काहीच नाही आणि डॉक्टरांनी आपल्याला प्रत्यक्ष तपासले आहे, म्हणून पुढचे लिहितो.

एमआरआयविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण आपल्या लिहिण्यात त्याची भीती स्पष्ट दिसते. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा ३,००० हून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीच्या निरोगी माणसांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या थोड्या बाहेर आलेल्या दिसतात. म्हणजे अहवालातली ती ओळ खोटी नाही, पण आपल्या दुखण्याचे संपूर्ण स्पष्टीकरणही ती देत नाही. अहवाल हाती पडल्यापासून जमिनीवर पडलेली वस्तू उचलणे सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत. न हलल्याने त्यांची पाठ ताठरते, ताठरल्याने दुखते, आणि दुखते म्हणून ती आणखी जपली जाते. हे चक्र तोडणे हा या व्यायामांचा एक मोठा उपयोग आहे.

आता कोअर म्हणजे काय ते पाहू. पोटावर दिसणाऱ्या वड्यांशी त्याचा फारसा संबंध नाही. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढे व बाजूंना पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आणि मागे प्रत्येक मणक्याला बिलगून असलेले मल्टिफिडस हे लहान स्नायू, अशा चारही बाजूंनी कमरेचा कणा वेढलेला असतो, आणि त्यांच्या बाहेर पोटाचे व पाठीचे मोठे स्नायू असतात. या स्नायूंचे महत्त्व किती आहे ते एका प्रयोगाने स्पष्ट होते. स्नायू काढून टाकलेला, केवळ हाडे आणि अस्थिबंध उरलेला कमरेचा कणा साधारण ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलोंच्या आसपासच्या भाराखालीच वाकून कोलमडतो. आपण उभे असताना मात्र तो त्याच्या कितीतरी पट भार सहज पेलतो. कण्याचे संशोधक मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये कण्याच्या स्थैर्याची मांडणी केली, ती आजही आमच्या अभ्यासक्रमाचा पाया आहे. हाडे व अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना योग्य क्षणी आज्ञा देणारी मज्जासंस्था, या तिघांनी मिळून कण्याला स्थैर्य मिळते. एक कमी पडला तर दुसऱ्याला ते भरून काढावे लागते.

त्या तिसऱ्या घटकाकडे व्हिडिओ सहसा दुर्लक्ष करतात. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की निरोगी माणूस हात झटकन उचलतो तेव्हा हाताचा स्नायू आकुंचन पावण्याच्या आधीच पोटाचा आडवा स्नायू कामाला लागलेला असतो, आणि कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. त्याच सुमारास ज्युली हाइड्स यांच्या अभ्यासात असे दिसले की दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस बारीक होतो आणि दुखणे थांबल्यावरही तो आपोआप पूर्ववत होत नाही. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांच्या त्यांच्या एका लहान अभ्यासात, वर्षभरात दुखणे परतण्याचे प्रमाण विशिष्ट व्यायाम केलेल्या गटात ३० टक्के होते आणि व्यायाम न केलेल्या गटात ८४ टक्के होते. ते रुग्ण जुन्या कंबरदुखीचे नव्हते, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

या विषयाची दुसरी बाजूही मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या, म्हणजे १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीवर अशा व्यायामांची चाचणी घेणाऱ्या २९ अभ्यासांचा, उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१६ मध्ये आला. दीर्घकाळाचा विचार करता हे व्यायाम इतर नियमित व्यायामांपेक्षा विशेष सरस ठरत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. कोअर हीच एकमेव किल्ली आहे असे सांगणाऱ्या कोणावरही म्हणूनच विश्वास ठेवू नये. तरीही मी सुरुवात याच व्यायामांनी करतो. त्यांत कण्यावरचा भार कमी असतो, ते घरी सतरंजीवर करता येतात, आणि सहा वर्षे कमरेला घाबरून राहिलेल्या माणसाला हातपाय हलवूनही कंबर दुखत नाही हा अनुभव इथेच पहिल्यांदा येतो. पुढची चाल, वजन उचलणे, जिना, गरबा हे सारे त्या अनुभवावर उभे राहते.

आपल्याला सिट-अपने त्रास का झाला हे आता समजेल. सिट-अप करताना कमरेच्या मणक्यांवर ३,००० न्यूटनहून अधिक दाब येतो आणि तोही कंबर वाकलेल्या स्थितीत. त्यात आपण हे सकाळी उठल्याबरोबर करत होता. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त असते ती त्यामुळेच, आणि अशा वेळी वाकले की गादीवरचा ताण नेहमीपेक्षा बराच अधिक असतो. उठल्यानंतरचा पहिला तास तरी पुढे वाकणारा कोणताही व्यायाम टाळावा. सूर्यनमस्कार घालत असाल तर तेही थोडे उशिरा घालावेत. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा लाभलेल्या या शहरात जोर-बैठकांविषयी आदर आहे आणि तो मलाही आहे. पण तालमीतला उस्तादही नवख्याला पहिल्या दिवशी शंभर जोर काढू देत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त ओळख करून घेण्यासाठी द्यावेत. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर टेकवावेत, कंबर जमिनीवर दाबू नये आणि उचलूही नये. तिची नैसर्गिक कमान जशी आहे तशी राहू द्यावी. दोन्ही बाजूंच्या पुढच्या कटिहाडांच्या टोकांपासून दोन बोटे आत व किंचित खाली आपली बोटे हलकेच ठेवावीत. श्वास सोडत सोडत बेंबीखालचे पोट अगदी सावकाश आत न्यावे. बोटांखाली मऊ भाग हळूहळू ताणल्यासारखा लागला की काम बरोबर होत आहे. पोट फुगून बोटे वर ढकलली गेली, छाती आवळली किंवा श्वास थांबला, तर जोर जास्त झाला आहे. आपल्या पूर्ण ताकदीच्या पाव हिश्श्याहून अधिक जोर येथे लागत नाही. नेमके हेच मेहनती माणसाला सर्वांत अवघड जाते. ही पकड ठेवून शांतपणे श्वास घेत सुमारे १० सेकंद थांबावे, सोडावे, आणि असे १० वेळा करावे. सुरुवातीला चार-पाच सेकंदच जमले तरी चालते. श्वास रोखण्याची सवय रक्तदाब असलेल्यांना घातक ठरू शकते, म्हणून ती आधी मोडावी. मनात आकडे मोजण्याऐवजी मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

हे जमले की त्याच स्थितीत एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करावा आणि परत आणावा. कंबर जराही हलता कामा नये. मग दोन्ही पाय टेकवून नितंब उचलण्याचा ब्रिज करावा. त्यात वर जाण्याची उंची महत्त्वाची नाही. नितंबाच्या स्नायूंनी काम केले पाहिजे आणि मांडीच्या मागे गोळा येऊ नये.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मी जे तीन व्यायाम देतो ते कॅनडातील स्टुअर्ट मॅक्‌गिल यांनी प्रचारात आणले. कण्याला फारसे न वाकवता आजूबाजूच्या स्नायूंना पुरेसे काम देणे हा त्यांचा उद्देश आहे. पहिल्यात पाठीवर झोपून एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ ठेवावा, दोन्ही हात कमरेच्या कमानीखाली ठेवावेत, आणि डोके व खांदे एकत्रच जमिनीपासून जेमतेम उचलावेत. हनुवटी छातीला लावू नये आणि हातांवरचा कमरेचा दाब बदलू नये. दुसऱ्यात कुशीवर झोपून कोपरावर व वाकवलेल्या गुडघ्यांवर भार घेत कंबर उचलावी. पाय सरळ ठेवून करण्याची घाई करू नये. तिसऱ्यात गुडघे व तळहात टेकून रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध बाजूंचा हात व पाय, म्हणजे उजवा हात आणि डावा पाय, सरळ लांबवावा, मग बाजू बदलावी. पाय उंच नेण्याच्या नादात कंबर खाली झुकते, ही येथे सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. घरातल्या कोणाला तरी कमरेवर लाटणे आडवे ठेवायला सांगावे. ते घरंगळले तर पाय खाली आणावा किंवा फक्त पायच लांबवावा, हात टेकलेलाच ठेवावा.

या तिन्हींत प्रत्येक वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये. दोन मिनिटे प्लँक धरण्याने जे मिळते असे वाटते, ते १० सेकंदांच्या अनेक आवर्तनांनी अधिक सुरक्षितपणे मिळते, कारण थकलेला स्नायू कणा धरून ठेवत नाही. प्रत्येक बाजूला सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार वेळा, पुन्हा विश्रांती, मग दोन वेळा, असा उतरता क्रम ठेवला की शेवटची आवर्तनेही शुद्ध राहतात. हे सारे २० मिनिटांत होते आणि रोज करता येते.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. शून्य ते दहा या मापावर तीनपर्यंतचे दुखणे व्यायामाच्या वेळी चालते, मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर आले पाहिजे. त्याहून अधिक रेंगाळले तर व्यायाम बंद न करता मात्रा निम्मी करावी. दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा त्याची जागा अधिक बोलकी असते. कमरेतले दुखणे व्यायामाने नितंबातून मांडीत, पोटरीत उतरू लागले तर तो व्यायाम लगेच थांबवावा. उलट पायातली कळ वर सरकत कमरेत येऊन थांबली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण समजावे.

आता दुकानाविषयी. आपण दिवसाचे कितीतरी तास बैठकीवर मांडी घालून बसता. ग्राहकाला कापड दाखवताना पुढे झुकता, आणि मागच्या फळीवरचा तागा काढताना बसल्या बसल्याच कंबर पिळता. सतरंजीवरच्या २० मिनिटांचा उपयोग या तासांमध्ये पोहोचला नाही तर तो संध्याकाळपर्यंत संपतो, असे माझे ठाम मत आहे. बसताना नितंबाखाली चार बोटे जाडीची घट्ट उशी घ्यावी, म्हणजे गुडघे खुब्यांपेक्षा खाली राहतील आणि कंबर मागे गोल होणार नाही. दर अर्ध्या तासाने उभे राहावे. तागा काढायचा असेल तेव्हा पूर्ण वळावे, तो अंगाजवळ आणावा, आणि उचलण्याच्या क्षणापुरते पोट हलके घट्ट करावे. खोकण्यापूर्वी पोट आपोआप जसे आवळते, तेवढेच पुरे. उचलून झाले की सोडून द्यावे. दिवसभर पोट आत ओढून फिरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. त्याने पाठ सतत ताठ राहते, श्वास उथळ होतो आणि माणूस आपल्याच शरीराचा पहारेकरी होऊन बसतो. घरी झोपाळ्यावर बसून संध्याकाळ घालवण्यास माझी हरकत नाही. झोपाळ्यावर शरीर सतत थोडे हलत राहते आणि ते मऊ सोफ्यात रुतून बसण्यापेक्षा चांगले आहे.

कमरेचा पट्टा आपण वापरत असाल तर तो हळूहळू सोडावा. जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांना स्थान आहे. पट्टे, ट्रॅक्शन (कणा ताणण्याचा उपचार), अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचा शेक) आणि टेन्सचे (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारे) यंत्र यांचा नेहमीच्या उपचारांत वापर करू नये असे म्हटले आहे. माझ्याच व्यवसायातील अनेक दवाखाने आजही या यंत्रांवर चालतात, म्हणून हे लिहिणे मला अधिकच आवश्यक वाटते. यंत्राखाली पडून राहिल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण तो वेळ आणि पैसा शिकण्यात गेला असता तर अधिक उपयोग झाला असता.

चालण्याला मात्र पर्याय नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना क्रमाक्रमाने चालणे वाढवायला शिकवले गेले. दुखणे परत येईपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या लोकांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) त्यांच्यात २०८ दिवसांचा होता, आणि न शिकवलेल्यांत ११२ दिवसांचा. कमाटीबागेत सकाळी येणाऱ्या मंडळींत आपण सामील व्हावे. सुरुवातीला १० मिनिटे, मग दर आठवड्याला थोडे वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास.

सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवू लागतो. १२ आठवड्यांनंतर मी रुग्णांना जमिनीवरून उठवून उभ्याच्या व्यायामांकडे नेतो: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे, खुब्यातून वाकून बादली उचलणे, एका हातात पिशवी धरून कंबर न झुकवता चालणे. आपण नवरात्रात गरबा खेळत असाल तर पूर्ण प्लँकपेक्षा याची गरज अधिक आहे, कारण वडोदऱ्याच्या गरब्यात तासन्‌तास वाकणे, वळणे आणि अनवाणी पाय आपटणे एकाच वेळी चालते. वर्षभर बसून राहिलेली पाठ घटस्थापनेच्या रात्री एकदम हे करू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्याकडे गर्दी होते. नवरात्राच्या दोन महिने आधी वळण्याचा सराव सुरू करावा आणि पहिल्या रात्री अर्ध्या तासाहून जास्त खेळू नये.

मधेच कधी कंबर पुन्हा धरली तर सारे वाया गेले असे समजू नये. दुखण्याचा चढउतार हा या आजाराचा स्वभावच आहे. एक-दोन दिवस चालण्याच्या फेऱ्या लहान कराव्यात, पण अंथरूण धरू नये. पहिल्या दोन आठवड्यांचे व्यायाम पुन्हा करावेत आणि चार-पाच दिवसांत पुन्हा आपल्या जागी यावे.

आपल्या पत्नीच्या बाबतीत मात्र हा क्रम जसाच्या तसा देऊ नये. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू दोन बाजूंना फाकलेले राहू शकतात. पाठीवर झोपून डोके उचलल्यावर बेंबीच्या रेषेत उभा उंचवटा दिसला किंवा दोन बोटांहून जास्त फट लागली, तर वर सांगितलेला डोके उचलण्याचा व्यायाम त्यांनी तूर्त करू नये. खोकताना, शिंकताना लघवी सुटत असेल तर ते संकोचाने लपवू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे स्वतंत्र व्यायाम असतात, वर्षे उलटली तरी त्यांचा उपयोग होतो, आणि ते शिकवणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट आता शहरात आहेत. आपल्या पत्नीने आधी अशा फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे. तोपर्यंत श्वास सोडत पोट हलके आत नेण्याचा पहिला व्यायाम आणि रोजचे चालणे त्यांनी आजपासूनच सुरू करण्यास हरकत नाही.